रात्रपाळी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



मला भाषणाची सवय नाही. मी नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात रात्री ८ ते सकाळी ८ अशी माझी ड्यूटी असते. तुम्ही ऑफिसला निघता तेव्हा मी परत येते. लिफ्टमध्ये बरेच जण विचारतात, "रात्री काय, सगळे झोपलेलेच असतील ना?"

नाही हो. स्मृतिभ्रंश झालेल्यांची घालमेल संध्याकाळनंतरच वाढते. एक आजी रोज रात्री दोनला उठून विचारतात, "मुलं शाळेतून आली का?" त्यांचा मुलगा साठीचा आहे. आधी मी समजावत बसायची. आता म्हणते, "आली, जेवली, झोपलीसुद्धा." आजी शांत पडतात. ज्यांना हलता येत नाही त्यांची दर २ तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, माकडहाडापाशी लाली आली का बघायचं. बेडसोर खोल गेला की भरायला महिने लागतात.

आता मनातलं सांगते. तीन वर्षांपूर्वी पहाटे तीनला मी दुसऱ्याच्या आईची कूस बदलत होते आणि इथे आपल्या बी विंगमध्ये माझ्या सासूबाई बाथरूमला जाताना पडल्या. मिस्टर गावी गेलेले. समोरच्या काकूंनी आवाज ऐकला आणि त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. त्यांनी आईंना ओढून उठवलं नाही. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, म्हणून होत्या तशाच राहू दिल्या, अंगावर पांघरूण घातलं आणि १०८ला फोन केला. मग मला केंद्राच्या लँडलाइनवर कळवलं. पण २४ पेशंट आणि आम्ही दोघीच. बदली येईपर्यंत निघता येईना. पाचचा राउंड मी पूर्ण केला. हात तिथे चालत होते, जीव इथे होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. आज आई वॉकर घेऊन पहिल्या रांगेत बसल्यात.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण बिल्डरकडे मुलांसाठी घसरगुंडी मागत होतो. आता आपल्यातलेच किती जण साठीपुढे गेलेत! म्हणून हात जोडून सांगते, घरात वयस्कर माणूस असेल तर एक किल्ली शेजारी द्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री छोटा दिवा चालू ठेवा. कोणी पडलं तर उचलायची घाई करू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा.

काकूंचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत. दुपारी मी झोपलेली असते म्हणून अजूनही त्या कुरिअरवाल्याला माझी बेल वाजवू देत नाहीत, पार्सल स्वतःकडे घेतात. काकू, आज सगळ्यांसमोर मनापासून आभार.