बागेचे पाणी आणि उपशाचे अर्थशास्त्र : लखनौचे उदाहरण

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लखनौच्या नकाशावर चारबाग, आलमबाग, कैसरबाग, ऐशबाग, सिकंदरबाग, लालबाग अशी नावे एकापाठोपाठ एक भेटतात. बहुतेक ठिकाणी आज बाग उरलेली नाही, नाव उरले आहे. सिकंदरबागेच्या परिसरात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था असल्यामुळे तेथील हिरवळ टिकून आहे. या शहरात वर्षाला सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही अधिक. परंतु तो प्रामुख्याने पावसाळ्याच्या तीन-साडेतीन महिन्यांत. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, ‘लू’ नावाचे उष्ण वारे वाहतात आणि झाडे माणसाच्या हातच्या पाण्यावर जगतात. हे पाणी कोठून तरी उचलावे लागते आणि वाहून न्यावे लागते. त्याचा खर्च कोणाला किती पडतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पाणी उताराने येणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. नवाब गाजीउद्दीन हैदर (कारकीर्द १८१४ ते १८२७) यांनी गंगेचे पाणी लखनौला आणण्यासाठी कालवा खोदण्यास घेतला. तो पूर्णत्वास गेला नाही. आज ‘हैदर कॅनाल’ या नावाने शहरातून वाहतो तो सांडपाण्याचा नाला होय. उतार साधला नाही की उरतो तो उपसा. महाराष्ट्रात त्यासाठी बैलांची मोट आणि रहाट होते, कोकणात लाट होती. अवधच्या खेड्यांत मोटेला ‘पुर’ आणि लाटेला ‘ढेकली’ म्हणत. यंत्र एकच, नावे दोन.

आता थोडे गणित. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर बाग घ्यावी. उन्हाळ्यात तिला दररोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर ते ५०० लिटर होते. पाणी ५ मीटर खोल असेल तर ते वर आणण्यास सुमारे २५ किलोज्यूल ऊर्जा पुरते. निरोगी माणूस सलग काम करताना साधारणपणे ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. पंपाची निम्मी कार्यक्षमता वाया गेली असे मानले, तरी अकरा-बारा मिनिटांत हे काम आटोपते. पाणी २५ मीटर खोल गेले की हाच वेळ पाचपट होतो, आणि केवळ वेळच वाढतो असे नाही. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

विजेशी तुलना केली तर एक विचित्र गोष्ट आढळते. ५०० लिटर पाणी २५ मीटर उचलण्यास ३० टक्के कार्यक्षमतेच्या विद्युत पंपाला जेमतेम ०.११ युनिट वीज लागते. युनिटला ७ रुपये धरले तरी हा खर्च एका रुपयाच्या आत राहतो. याच दराने पाहिले तर माणसाच्या आठ तासांच्या स्नायुशक्तीची किंमत, म्हणजे ०.६ युनिट, चार-सव्वाचार रुपये भरते. मग हाताने किंवा पायाने पाणी उपसणारा माणूस हिशेबात चुकतो काय? मुळीच नाही. त्याची अडचण चालू खर्चाची नसून भांडवली खर्चाची आहे. बोअर, पंप, वीजजोडणी या सर्वांची रक्कम एकदम द्यावी लागते. डिझेल इंजिन भाड्याने मिळते. परंतु पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला सुमारे एक लिटर डिझेल पिते आणि गुंठाभर बागेसाठी ते तोडून अर्धे करता येत नाही. अर्थशास्त्रात यालाच साधनांची अविभाज्यता म्हणतात. परीक्षेत ही संज्ञा कारखान्याच्या उदाहरणाने लिहिली जाते. पंपाचे उदाहरण अधिक बोलके आहे.

या अविभाज्यतेवरचे एक उत्तर बांगलादेशातून आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेचे अभियंते गुन्नार बार्न्स यांनी रंगपूर भागात ट्रेडल पंप विकसित केला. दोन नळकांडी, त्यांतील दोन दट्ट्ये, दोन बांबूंचे पायटे. माणूस त्यांवर उभा राहून जिना चढल्याप्रमाणे पावले टाकतो. हाताऐवजी पायांचे मोठे स्नायू व शरीराचे वजन कामी येते, म्हणून दम कमी लागतो. बांगलादेशात असे दहा लाखांहून अधिक पंप विकले गेले. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार व बंगालमध्ये १९९० च्या दशकात तो ‘कृषक बंधू’ या नावाने खपला. तुषार शहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या पंपामुळे कुटुंबाच्या निव्वळ उत्पन्नात वर्षाला सरासरी १०० डॉलरच्या आसपास भर पडली. त्या अभ्यासातील दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे : हे यंत्र लाभार्थी स्वतःच निवडते. ज्याला ऐपत आहे तो पायटे मारत बसत नाही. त्यामुळे गरिबांची यादी करण्याचा आणि त्या यादीत भलत्यांची नावे घुसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

उत्तर प्रदेश शासनाने १९८५ पासून अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी निःशुल्क बोअरिंग योजना राबविली, तर बिहारच्या कोसी भागात शेतकऱ्यांनी लोखंडी पाइपाऐवजी बांबूचे बोअर घातले. गंगेच्या गाळाच्या मैदानात हे शक्य झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणात बांबूचे बोअर ही कल्पनाही करता येत नाही. म्हणूनच महाराष्ट्रात विहीर खर्चाची आणि मोट खोल पाण्यासाठी, तर अवधमध्ये नळ स्वस्त आणि पाणी हाताशी, अशी ही विभागणी होती.

‘होती’ हा भूतकाळ सहेतुक आहे. ट्रेडल पंप असो वा घराच्या अंगणातला उथळ हातपंप, तो पाणी ‘ओढतो’ असे म्हणतात. वस्तुतः तो नळीत पोकळी निर्माण करतो आणि हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब फार तर १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ पेलतो; व्यवहारात सात मीटरच्या पुढे असे पंप निकामी ठरतात. ही मर्यादा पैशाने किंवा श्रमाने ओलांडता येत नाही. पातळी सहा मीटरवरून आठ मीटरवर गेली तर सबमर्सिबल पंपाच्या मालकाला वीजबिलातला फरक जाणवतही नाही. हातपंपाच्या मालकाचे मात्र पाणी संपते.

लखनौत नेमके हेच घडले. शहराचा पाणीपुरवठा गोमती व शारदा सहायक कालवा यांबरोबरच मोठ्या प्रमाणावर नलकूपांवर चालतो. त्यात खाजगी सबमर्सिबल पंपांची भर पडली. मध्यवर्ती भागांत भूजल आज २० मीटरहून खोल गेले आहे. बंगल्याच्या हिरवळीवर सकाळी फवारा उडतो, आणि त्याचा जो खर्च बंगल्याच्या बिलात दिसत नाही, तो पलीकडच्या वस्तीतील कोरड्या नळावर दिसतो. बाह्य परिणामाची याहून स्वच्छ आकृती पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. उत्तर प्रदेश भूगर्भ जल (व्यवस्थापन व विनियमन) अधिनियम, २०१९ चा मुख्य भर औद्योगिक, व्यावसायिक व घाऊक वापरकर्त्यांवर आहे. घरगुती वापर व शेती यांवर शुल्क नाही. शेतीला सूट का, हे समजण्यासारखे आहे. हिरवळही ‘घरगुती’ याच सदरात मोडते, हे मात्र खटकते.

२०१९ मध्येच सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतील सौर पंपांबाबतही हीच सावधगिरी हवी. सौर पंपाचा भांडवली खर्च अनुदानाने हलका होतो आणि चालू खर्च जवळजवळ शून्य राहतो. डिझेलच्या तुलनेत हा मोठाच दिलासा आहे. परंतु ज्या उपशाला किंमतच नाही तो थांबवण्याचे कारणही उरत नाही.

खोल पाण्यासाठी हाताने चालणारे उत्तर आहे, आणि त्याचे मूळ सोलापुरात आहे. तेथे विकसित झालेल्या पंपाच्या धर्तीवर १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क-२’ हातपंप तयार झाला. त्याचे नळकांडे पाण्यातच बुडालेले असते. तो पाणी ओढत नाही, खालून उचलतो, म्हणून सात मीटरची अट त्याला लागू नाही. मिनिटाला सुमारे १२ लिटर पाणी तो देतो, म्हणजे ५०० लिटरसाठी ४० मिनिटांहून अधिक काळ दांडा हलवावा लागेल. शिवाय हा पंप सार्वजनिक आणि पिण्याच्या पाण्यासाठी असतो. तेथे बागेचा क्रमांक शेवटचा.

मग उरते ती वाहतूक. नळ ५० मीटरवर असेल आणि १५ लिटरच्या दोन बादल्या एका खेपेत आणल्या, तर ५०० लिटरसाठी १७ खेपा आणि जाऊन-येऊन १,७०० मीटर चाल होते. त्यातली निम्मी ३० किलो ओझ्यासह. हातगाडीवर २०० लिटरचे पिंप ठेवले तर तीन खेपांत काम होते. लखनौची जमीन सपाट असल्याने चाकाचा लाभ पुरेपूर मिळतो. पिंप ओट्यावर चढवून त्याला नळी जोडली की बागेतल्या बागेत वाहणेही वाचते. परंतु सर्वांत स्वस्त पाणी ते, जे उचलावेच लागत नाही. रोपाच्या बुंध्याशी गळ्यापर्यंत पुरलेले कच्च्या भाजणीचे मडके, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि सायंकाळची पाणी देण्याची वेळ यांमुळे बाष्पीभवन घटते आणि खेपाही घटतात. मलिहाबादच्या आमराईत नव्याने लावलेल्या कलमाला पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच अशा हातच्या पाण्याची खरी गरज असते. मुळे खोल गेली की झाड स्वतःच उपसा करू लागते; अर्थात पाणी मुळांच्या आवाक्यात राहिले असेल तर.