औषधाला पत्ता हवा



आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आणि बाजारातल्या हमालांत आयुष्य घालवलेली माणसे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा साखर लावलेल्या मेदाच्या कुप्यांवर आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, औषध कष्टकऱ्यालाही लागते; ते कसे बनते आणि कोणाला मिळते, हे त्याला कळले पाहिजे.

प्रथम अडचण पाहू. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष होते किडीसाठी. गेले माणसाच्या अंगात. जालीम औषधाचेही शरीरात असेच होते. अँफोटेरिसिन-बी बुरशीला मारते, काळा आजाराच्या परजीवीलाही मारते. पण रक्तातून हिंडताना ते मूत्रपिंडाला इजा करते.

यावर तोड निघाली ती मेदाची. आपण सोयाबीन पिकवतो, त्यात लेसिथिन नावाचा मेद असतो. त्याच्या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी मानवते, शेपट्यांना त्याचे वावडे. पाण्यात हे रेणू शेपट्यांना शेपट्या भिडवून दोन रांगांत उभे राहतात, त्यांची भिंत होते आणि भिंतीचा पोकळ गोळा बनतो. हाच लिपोसोम. इंग्लंडात अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात तो उजेडात आणला. औषधासाठी वापरायचे गोळे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतात. औषध पोकळीत किंवा भिंतीत भरता येते.

पण कुपी भरली तरी ती जायची कोठे? येथे साखर कामास येते. ही साखर चहातली नव्हे. मॅनोज, गॅलॅक्टोज या तिच्या बहिणी. ठराविक साखर ओळखणारी प्रथिने पेशींच्या अंगावर असतात. यकृताच्या मुख्य पेशी गॅलॅक्टोज ओळखतात. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी मॅनोज ओळखतात, आणि काळा आजाराचा परजीवी दडतो तो याच भक्षक पेशींत. साखरेला मेदाची शेपटी जोडली की शेपटी भिंतीत रुतते, साखर बाहेर राहते. हमाल पोत्यावरची खूण पाहून माल योग्य गोदामात नेतो, तशी ही खूण.

आपल्या देशात हे काम जुने आहे. बिमलकुमार बछावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात १९८० च्या सुमारास लिपोसोमला निरनिराळ्या साखरा लावून त्यांची शरीरातली वाट बदलते, हे दाखवले. पुढे बछावत दिल्लीत असताना, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या सहकार्याने अँफोटेरिसिनचा भारतीय लिपोसोम रुग्णांपर्यंत आला. तो साखरेविना होता. पण केईएम हे परळचे, गिरणगावातले रुग्णालय, याचा आम्हांस अभिमान वाटतो. साखर लावलेले लिपोसोम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. मात्र साखरेच्या पत्त्याची कल्पना खरी ठरली: थेट औषधालाच साखर जोडून ते यकृताकडे धाडणाऱ्या गिवोसिरानला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता हिशेब. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीची साथ आली, तेव्हा लिपोसोमच्या ५० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत सुमारे ७००० रुपये सांगितली जाई. मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम धरली, तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या, म्हणजे ४२००० रुपये. आणि उपचार कित्येक आठवड्यांचा. शेजारच्या वर्ध्यात जेनेटिक लाइफसायन्सेसने त्याच महिन्यात अँफोटेरिसिनचे इमल्शन काढले. त्याची किंमत १२०० रुपये सांगितली गेली. प्रकार वेगळा, पण औषध आपल्या मुलखात बनू शकते, हे दिसले.

म्हणून आमचे म्हणणे असे. पेशीचा पत्ता शास्त्रज्ञ शोधतील. रोग्याच्या घराचा पत्ता औषधाला बाजार आपण होऊन शिकवणार नाही. हे ज्ञान पुष्कळसे सार्वजनिक पैशावर उभे राहिले. तेव्हा असे औषध सरकारी रुग्णालयात साठ्याला असावे आणि गरिबाला विनामूल्य मिळावे, ही मागणी भीक नव्हे, हक्क आहे. ती संघटितपणे, आकडे हाती घेऊन करावी.