नाकारलेल्या अर्जांतले पूर्वज



नोव्हेंबर १८३७. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, वेन काउंटीच्या न्यायालयात एक्क्याऐंशी वर्षांची एक म्हातारी जबानी देते आहे. नाव सारा ऑस्बॉर्न. तिचा नवरा ॲरन ऑस्बॉर्न लोहार होता आणि स्वातंत्र्ययुद्धातला शिपाई. त्याची विधवा म्हणून तिला पेन्शन हवी आहे. ती सांगते की आपणही पलटणीबरोबर चालत गेलो, शिपायांचे कपडे धुतले, शिवले, रांधून घातलं. १७८१ साली यॉर्कटाउनच्या वेढ्यात खंदकातल्या माणसांना मांस, पाव आणि कॉफी नेऊन दिली. तिथे जनरल वॉशिंग्टन समोर आले आणि तोफगोळ्यांची भीती वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं, हेही ती सांगते. ज्या लढाईने अमेरिकेचं स्वातंत्र्य जवळपास पक्कं झालं, तिचं शिपायांना जेवू घालणाऱ्या एका बाईने केलेलं हे वर्णन. ते तिने कुठल्या ग्रंथासाठी केलेलं नाही. पेन्शनच्या अर्जाचा तो एक भाग आहे.

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुधा वतनपत्रं, सनदा, जमिनीचे कागद यांच्याकडे वळतो. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हतं, त्यांचं काय? अशा माणसांचं आयुष्य सविस्तर लिहून ठेवणारं एक दप्तर म्हणजे लष्करी पेन्शनचं दप्तर. अमेरिकेत ते जितकं विपुल आहे तितकं फार थोड्या देशांत असेल, म्हणून आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

१७७६ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा तिथल्या काँग्रेसने जायबंदी सैनिकांना निम्मा पगार देण्याचा ठराव केला. पुढे १८०० च्या नोव्हेंबरमध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि त्या युद्धाचे बहुतेक कागद जळाले. त्यामुळे १८१८ साली गरजू सैनिकांसाठी पेन्शनचा मोठा कायदा झाला, तेव्हा कोण किती दिवस लढला हे ताडून पाहायला सरकारजवळ पुरेसं काही उरलं नव्हतं. अर्ज इतके आले की १८२० मध्ये नवी अट घातली गेली: अर्जदाराने आपली सगळी मालमत्ता शपथेवर लिहून द्यायची. त्या याद्या आज वाचताना गलबलून येतं. गाय, डुक्कर, किटली, खुर्च्या, प्रत्येकाची किंमत. आणि खाली घरात कोण कोण आहे, त्यांची वयं काय, त्यांतलं कोण कमावतं, कोण आजारी. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव १८५० पासून येऊ लागलं. या शिपायांच्या घरांतली नावं तीस वर्षं आधीच कागदावर आली, आणि ती आली गरिबी सिद्ध करावी लागली म्हणून.

१८३२ च्या कायद्याने गरिबीची अट काढली, पण पुराव्याचा प्रश्न तसाच राहिला. मग अर्जदारांना भर न्यायालयात ठरावीक प्रश्न विचारायचे ठरलं. जन्म कुठे आणि कधी? वयाची नोंद कुठे आहे? सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, आणि त्यानंतर कुठे कुठे राहिलात? स्वखुशीने गेलात, सक्तीने, की दुसऱ्याच्या बदली? अधिकारी कोण होते? सुटकेचा दाखला आहे का? तुमच्याबद्दल शब्द टाकतील असे शेजारी कोण? वंशशोधन करणाऱ्याने स्वतः जाऊन विचारले असते तरी याहून नेमके प्रश्न त्याला सुचले नसते. सत्तर-ऐंशी वर्षांचे म्हातारे न्यायाधीशांसमोर बसून आठवत होते आणि कारकून लिहून घेत होता.

विधवांना आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागे: लग्न. १८३६ च्या कायद्यात अट होती की लग्न नवऱ्याची लष्करी नोकरी संपण्याआधीचं हवं. लग्नाचा दाखला फार थोड्या घरांत होता. होतं ते घरातलं बायबल, ज्याच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू-लग्नं लिहिलेली असत. बायांनी ती पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली. जर्मन घरांतून रंगीत वेलबुट्टी काढलेले जन्माचे आणि लग्नाचे दाखले गेले. ते सगळं आजही त्या फाइलींत आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या अशा ऐंशी हजारांहून अधिक फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या मायक्रोफिल्मची रिळंच २,६७० आहेत.

या फाइली एकेकाळी कोणी प्रेमाने जपलेल्या आठवणी नव्हेत. सरकारला शंका होती म्हणून त्या लिहिल्या गेल्या. ज्याचा अर्ज पटकन मंजूर झाला त्याची फाइल पातळ; ज्याच्यावर संशय घेतला गेला, ज्याला पुन्हा पुन्हा साक्षीदार आणावे लागले, त्याची फाइल जाड. म्हणून पूर्वजाचं नाव मंजूर यादीत सापडलं नाही की शोध थांबवू नये. नामंजूर अर्ज आधी मागवावेत.

जेहू ग्रँट याचं उदाहरण पाहावं. ऱ्होड आयलंडमधला हा गुलाम १७७७ मध्ये मालकाच्या घरून पळाला आणि अमेरिकन सैन्यात भरती झाला. काही महिन्यांनी मालक त्याला परत घेऊन गेला. म्हातारपणी, १८३२ मध्ये, त्याने पेन्शन मागितली. उत्तर आलं की पळून आलेल्या गुलामाची नोकरी पेन्शनसाठी धरता येत नाही. त्यावर १८३६ मध्ये त्याने पुन्हा सगळी हकिगत लिहून कळवली. ज्याच्या श्रमावर, देहावर दुसऱ्याची मालकी होती अशा माणसाने त्याच स्वातंत्र्ययुद्धाबद्दल स्वतः सांगितलेलं काही आपल्या हाती आहे, ते या नकारामुळे. हा नकार अन्याय्य होता. तो ज्या फाइलीत नोंदला गेला, तीच आज त्याच्या बाजूची साक्ष आहे.

उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धानंतर हे दप्तर अफाट वाढलं. १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग साध्या शिपायाला महिना आठ डॉलर मिळत. १८९० च्या कायद्याने नव्वद दिवस नोकरी केलेल्या आणि कोणत्याही कारणाने काम करता न येणाऱ्या सैनिकाला पेन्शन खुली केली. त्या दशकात केंद्र सरकारच्या उत्पन्नातला सुमारे चाळीस टक्के भाग पेन्शनवर जात होता. कारकुनांसाठी वॉशिंग्टनमध्ये दीड कोटीहून अधिक विटांची स्वतंत्र इमारत बांधावी लागली. ती १८८७ मध्ये पुरी झाली आणि आजही उभी आहे.

या युद्धात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत होते. त्यांच्या वंशजांना आपलं घराणं शोधताना १८७० च्या जनगणनेपाशी जणू भिंत लागते. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गणनेत गुलामांच्या याद्या आहेत, पण त्यांत नाव मालकाचं. गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. ही भिंत ओलांडायला सर्वांत उपयोगी पडतात त्या पेन्शनच्या फाइली. गुलामांच्या लग्नांना कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून १८६४ मध्ये काँग्रेसने अशा विधवांसाठी वेगळी तरतूद केली. मग लग्न झालं होतं हे सांगायला एकाच मळ्यावर राबलेल्या बायका आल्या, सुईण आली, पलटणीतले सोबती आले, कधी जुन्या मालकाच्या घरची माणसंही आली. खात्याचे खास तपासनीस गावोगाव फिरून त्या जबान्या घेत. एकेका जबानीत आईचं नाव, विकल्या गेलेल्या भावाचं नाव, मळ्याचं ठिकाण, आधीच्या मालकाचं नाव मिळतं.

हॅरिएट टबमनचं नाव जगाला ठाऊक आहे. शेकडो मैलांचे धोके पत्करून गुलामांना मुक्त प्रदेशात नेणारी ही बाई. तिची पेन्शनची फाइल मात्र तिला एका साध्या विधवेसारखं समोर आणते. तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारला. तो सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने होता. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे तिला सिद्ध करावं लागलं. पहिला नवरा जॉन टबमन जिवंत नाही, हेही. १८९५ मध्ये महिना आठ डॉलर मंजूर झाले. युद्धात तिने स्वतः परिचारिकेचं काम केलं होतं; त्याचा विचार होऊन १८९९ मध्ये रक्कम वीस डॉलर झाली. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी आडनावं बदलली, कधी मालकाचं टाकून बापाचं घेतलं. एकाच आडनावावर विसंबून शोधणारा वंशज इथे हमखास चुकतो.

या दप्तराची एक काळी बाजूही आहे. १८८२ च्या कायद्याने, लग्नावाचून परपुरुषाबरोबर राहणाऱ्या विधवेची पेन्शन बंद होऊ लागली, आणि तपासनीस शेजाऱ्यांना तिच्या चारित्र्याबद्दल विचारू लागले. ते कागदही फाइलींत आहेत. आपल्या पणजीबद्दल कुणी काय बोललं होतं हे वाचायला मिळतं. वाचणाऱ्याने ते जबाबदारीने वाचावं. शेजाऱ्याचं बोलणं हे शेजाऱ्याचं बोलणं आहे, एवढं भान ठेवावं.

तसंच स्मरणाचं. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या तारखा पुढेमागे होतात, लढायांची नावं मिसळतात, पेन्शनसाठी वयं वाढतात. अर्ज लिहून देणारे दलाल एकच मजकूर अनेकांसाठी वापरत. म्हणून जबानी ही हजेरीपटाशी, जनगणनेशी, जमिनीच्या कागदाशी ताडून घ्यावी लागते. १८९८ मध्ये खात्याने पेन्शनरांना जे छापील प्रश्न पाठवले ते मात्र फार भरवशाचे वाटतात: बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे, कुणी लावलं, मुलं कोणती, त्यांचे जन्मदिवस. माहेरचं नाव! कुठल्याही देशातल्या वंशावळीत सर्वांत आधी हरवतं ते हेच.

हे सगळं फार जुनं आहे असं वाटत असेल तर आयरीन ट्रिपलेट यांची नोंद घ्यावी. त्यांचे वडील यादवी युद्धात आधी दक्षिणेच्या फौजेत होते, नंतर ती सोडून उत्तरेच्या फौजेत गेले. उतारवयात झालेल्या या मुलीला महिना ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन मिळत होती, आणि ती ३१ मे २०२० रोजी, त्यांच्या मृत्यूने थांबली.

आता आपल्याकडे. मराठी मुलखात लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी, म्हणजे संगोपनासाठीची नेमणूक, देण्याची रीत होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्यांना अशा नोंदी धुंडाळायच्या आहेत त्यांना मोडी यावी लागते, आणि मोडी वाचणारी माणसं थोडी आहेत. अमेरिकेतही हीच अडचण आहे: नव्या पिढीला जुनं वळणदार हस्ताक्षर वाचता येत नाही. म्हणून राष्ट्रीय अभिलेखागाराने २०२३ पासून स्वातंत्र्ययुद्धाच्या फाइली सामान्य नागरिकांकडून उतरवून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे सरदारांच्या सनदा छापून झाल्या. शिपायाच्या पोराला मिळालेल्या चार पायल्या धान्याची नोंद कुणीतरी आता उतरवायला हवी.

इंग्रजी अमदानीत कोकणातली दापोली ही पेन्शनर सैनिकांची वस्ती झाली. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून पेन्शनवर येऊन तिथेच राहिले. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला, आणि त्याचा आधार आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली लष्करी चाकरी हाच होता. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, निवृत्तीनंतर आधी दापोलीत आणि मग साताऱ्यात राहिले. ज्या समाजांना गावाने जमीन आणि मान नाकारला, त्यांच्या अनेक घरांत लिखित इतिहासाचं पहिलं पान पलटणीने दिलेलं आहे. अशी पानं खुली करण्याचा एक नमुना आहे: लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी सैनिकांची गाववार रजिस्टरं होती. सुमारे ३,२०,००० नावांचं ते भांडार २०२१ पासून संगणकावर खुलं होऊ लागलं. साताऱ्यातलं अपशिंगे असो की रत्नागिरीतल्या वाड्या, आपल्या गावांसाठी असं काम हाती घेण्याजोगं आहे.

त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचं कारण नाही. सैनिकांच्या घरांत ट्रंकेच्या तळाशी सुटकेचं पुस्तक असतं, पेन्शनचा हुकूम असतो, विधवेच्या नावाने पुढे चालू झालेल्या पेन्शनचे कागद असतात, आणि पुष्कळदा नाकारलेल्या अर्जाची पोचही. घरच्यांच्या संमतीने यांचे फोटो काढावेत. नकाराची पत्रं निरुपयोगी म्हणून बाजूला टाकू नयेत. फोटोबरोबर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: कागद कोणाचा, तो आज कोणाजवळ आहे, त्यातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव व गाव, आणि हे सांगणारी व्यक्ती नात्याने कोण. हयात माणसांच्या आजारपणाचे आणि बँकेचे कागद या संग्रहातून वेगळे ठेवावेत. इथे जमलेल्या प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीने पुढच्या अधिवेशनाला आपल्या भागातल्या निदान एका गावाचा असा संग्रह आणावा, अशी या व्यासपीठावरून विनंती आहे. मोडी वाचून देणाऱ्यांची यादी संमेलनाच्या कार्यालयात आजच तयार करायला घ्यावी.