कार्डावरची लाल खूण



संयोजकांना मी विषय कळवला, ‘जोखमीची गर्भधारणा’, तेव्हा त्यांच्यापैकी एकांनी मला विचारलं, “बाई, हा विषय महिलांच्या कार्यक्रमात घेतला तर?” मी आग्रहाने आजचीच सभा मागून घेतली. रात्री दोन वाजता गाडी काढायची की उजाडेपर्यंत थांबायचं, हे ती गरोदर पोरगी ठरवत नाही. ते नवरा ठरवतो, सासरे ठरवतात, माहेरी असेल तर वडील नि भाऊ ठरवतात. ती मंडळी आज माझ्यासमोर बसली आहेत.

मी तालुक्याच्या दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण, सातवा नुकताच लागलेला. रक्तदाब १४४/९२, लघवीत प्रथिनं. मी गोळ्या सुरू केल्या, तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल खूण केली आणि आठ दिवसांनी बोलावलं. बाहेर रांग होती. ती परत आली नाही. डोहाळजेवण झालं, रीतीप्रमाणे ती दुसऱ्या जिल्ह्यात माहेरी गेली आणि कार्ड सासरी ट्रंकेत राहिलं. माहेरी तिची बोटं इतकी सुजली की अंगठी साबण लावून काढावी लागली. आई म्हणाली, या दिवसांत अंगावर पाणी चढतंच. मग डोकं ठणकायला लागलं. उष्णता म्हणून टाळूवर तेल थापलं. पहाटे झटके आले. फेपरं समजून कांदा हुंगवला, त्यात वेळ गेला. पोरगी वाचली, बाळ गेलं. महिन्याभराने तिचे सासरे ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले. लाल खुणेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “बाई, हे काय असतं?”

त्याचं उत्तर मी त्यांना आधीच द्यायला हवं होतं. तेच आज इथे देते आहे. ती खूण म्हणजे जोखमीची गर्भधारणा, आणि त्या पोरीची जोखीम होती गरोदरपणात चढलेल्या रक्तदाबाची.

गर्भाशयातून वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या पहिल्या काही महिन्यांत चांगल्या रुंद व्हायला हव्यात. काही जणींत त्या अरुंदच राहतात. वारेची उपासमार होते आणि तिच्यातून रक्तात अशी द्रव्यं उतरतात की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. म्हणून रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृताला आणि मेंदूला सूज येते. हे सहसा विसाव्या आठवड्यानंतर दिसू लागतं. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर ती नोंद साधी नाही. १६०/११० झाला तर त्याच क्षणी निघायचं. या आजाराची मुळं वारेत आहेत, म्हणून तो खऱ्या अर्थाने उतरतो तो प्रसूती होऊन वार पडल्यावरच, आणि तेव्हाही काही दिवस धोका उरतो. तोवर आपण बाळासाठी दिवस मिळवत असतो.

ते दिवस मिळवण्याची साधनं महाग नाहीत. झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर त्याची चाचणी झाली; २००२ साली निकाल आला, झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन मग पुढे पाठवता येतं. आधीच्या खेपेला रक्तदाब होता, जुळं आहे, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, अशांना डॉक्टर चौथ्या महिन्याच्या आत अल्प मात्रेतलं ॲस्पिरिन सुरू करतात. म्हणून नाव लवकर नोंदवा असं आशाताई कानीकपाळी सांगतात.

न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं एकही दिसलं तर उद्याची वाट पाहू नका.

दुसरा शत्रू गाजावाजा न करता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की प्रकरण गंभीर. प्रसूतीनंतर रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर साधारण दोन तासांत जीव जाऊ शकतो. अंगात मुळातच रक्त नसेल तर तेवढाही अवधी मिळत नाही. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, हे मी आजही ऐकते. होत नाही. शौच काळं होतं, तेही निरुपद्रवी. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या.

आधीचं सिझेरियन, वार खाली असणं, निगेटिव्ह रक्तगट, गरोदरपणातला मधुमेह, अठराच्या आतलं किंवा पस्तिशीपुढचं वय, हीसुद्धा जोखमीचीच कारणं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पण खूण म्हणजे शाप नव्हे. लाल खुणेच्या बहुतेक बायका धडधाकट बाळ घेऊन घरी जातात. आणि खूण नाही म्हणजे हमी मिळाली असंही नाही, कारण गुंतागुंत कुठल्याही बाळंतपणात ऐनवेळी उभी राहते.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, त्यांचा मुलगा दहा दिवस जगला. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. तेव्हापासून आपण पुष्कळ पुढे आलो. २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. मला त्या तेहतिसांचं वाईट वाटतं, कारण त्यातल्या अनेकींच्या बाबतीत आजार ठाऊक असतो, औषध ठाऊक असतं आणि निघायला उशीर होतो.

तेव्हा सातव्या महिन्यात घरात बसून ठरवा: रात्री गाडी कोण काढणार, १०८ला फोन कोण करणार, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, रक्त द्यायला कोण येणार. माहेरी जाणार असेल तर तिथलंही हेच ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. त्या दिवशी नवऱ्याने तिच्याबरोबर जावं.

आणि एक मागणं आहे. डोहाळजेवणात तिची ओटी भराल तेव्हा खणनारळाबरोबर ते कार्डही ओटीत घाला. त्यावर लाल खूण असेल तर तिचा अर्थ विचारून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका, मग बाहेर कितीही मोठी रांग असो.