सोसायटीच्या ऑफिसचा संगणक : जुना की नवा?



ऑफिससाठी छोटा डेस्कटॉप घ्यायचाय. लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांनी वापरून काढलेले ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर स्वस्तात मिळतात. यंत्रं दणकट, डोंबिवलीच्या आपल्या छोट्याशा ऑफिसात मावणारी. पण स्वस्त म्हणून इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं घेऊ नका. विंडोज ११ ला साधारण आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्याच संगणकावर मेंटेनन्सची बिलं, बँकेचे व्यवहार, सभासदांचे फोन नंबर असणार!

कोरा करकरीतच हवा असं नाही. आठवी पिढी, ८ जीबी रॅम, एसएसडी असलेला जुनाही चालेल. पक्कं बिल, लेखी वॉरंटी घ्या. हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळी ठेवा. पैसा सर्वांचा आहे.