डोळा तक्रार करीत नाही
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



मुलांना उपदेशाचे चार शब्द सांगण्यास मंडळाने आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु उपदेशापूर्वी आम्हांस स्वतःच्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे.

१९८८ साली आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेबात तरबेज. पण फळ्यावरील उदाहरण उतरवून घेताना तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावे. नक्कल करतो म्हणून आम्ही त्यास अनेकदा छडी दिली. पुढे गावी नेत्रशिबिर भरले, तेव्हा त्याचा उजवा डोळा लहानपणापासूनच मंद असल्याचे व डाव्यासही चष्म्याची गरज असल्याचे कळले. डाव्याचे काम चष्म्याने भागले. उजव्यास उपचार फारसा लागू पडला नाही.

ज्याने स्वच्छ कधी पाहिलेच नाही, त्याला आपणांस अंधुक दिसते हे कसे कळावे? एक डोळा चांगला असला म्हणजे आईबापांनाही शंका येत नाही. मेंदू मात्र दुबळ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्यास कामाला लावण्याचा उपाय सातव्या-आठव्या वर्षापूर्वी उत्तम साधतो.

म्हणून तक्रारीची वाट न पाहता तपासणी करावी. बाळाचे डोळे जन्मतः पाहावेत. अपुऱ्या दिवसांच्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बालकाचा नेत्रपटल ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा. पुढे पहिल्या वर्षात एकदा, तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान एकदा, आणि शाळेत गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी. चष्मा असल्यास दरवर्षी.

वडीलधाऱ्यांनीही गाफील राहू नये. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत येते; काचबिंदूने गेलेली येत नाही, आणि तो बहुधा न दुखता, कडेची दृष्टी आधी हिरावून घेतो. यास्तव चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी करावी, त्यानंतर दोन ते चार वर्षांनी, व पासष्टीनंतर वर्षा-दोन वर्षांनी. घराण्यात काचबिंदू असल्यास याहून लवकर. मधुमेह्याने निदान होताच, व पुढे दरसाल. दुकानात चष्म्याचा नंबर काढला म्हणजे तपासणी झाली असे नव्हे; डोळ्यांतील दाब आणि आतला पडदाही पाहिला गेला पाहिजे.

आपल्या समाजातील एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. चष्मा लागल्यास स्थळे येणार नाहीत, या भीतीने कित्येक घरांत मुलींचे डोळे तपासलेच जात नाहीत. चष्म्याने मुलीस उणेपणा येत नाही. तो लपविल्याने मात्र तिचे शिक्षण खुंटते.

मंडळास आमची नम्र सूचना आहे की, पुढील वर्षापासून शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत नेत्रतपासणीचा दाखला मागावा, आणि गरजूंच्या चष्म्याचा खर्च मंडळाने सोसावा. या कामी आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वाटा देण्यास आम्ही सिद्ध आहोत. त्या मुलाचे देणे आता फिटणार नाही. पण दुसऱ्या कोणा मुलाची छडी तरी टळेल.