साथीचे अंतर आणि जन्माचे अंतर
(दारव्हा येथील व्याख्यान)



विषाणू जात पाहत नाही, असे २०२० साली आपण पुष्कळदा ऐकले. विषाणू पाहत नाही हे खरे. परंतु मृत्यू मात्र पाहतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई शहरात कोणत्या समाजात दर हजारी किती माणसे मेली, याची नोंद सरकारी कागदांत आहे. युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या कागदांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे त्यांच्यांत ६१.६! शहर एक, रोग एक. भेद होता तो खोलीत, भाकरीत, पाण्यात आणि शुश्रूषेत.

आपला वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि ज्या प्रांतांनी त्या साथीत सर्वाधिक माणसे गमावली त्यांत आपल्याच प्रांताची गणना होते. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि रोग आगगाडीच्या रुळांवरून देशभर पसरत होता. मूर्तिजापूर-यवतमाळची लहान गाडी दारव्ह्यावरूनच जात असे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

वाचकहो, तुमच्या मनात एक शंका असेल. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या दूर उभे केले, त्यांनाच आता कोणी 'दूर राहा' म्हणून सांगितले तर ते कसे रुचावे? शंका रास्त आहे. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'सामाजिक अंतर' हा शब्द बाजूला ठेवून 'शारीरिक अंतर' हा शब्द घेतला, तो उगाच नव्हे. साथीचे अंतर काही दिवसांचे असते, ते धनिकालाही पाळावे लागते, आणि ज्याला वेगळे ठेवावयाचे त्याला औषध व अन्न पोचविणे हा त्याचाच भाग असतो. अस्पृश्यतेला मुदत नव्हती. ती स्मशानापर्यंत माणसाच्या मागे जात असे. तेव्हा आजाऱ्यापासून दूर राहा म्हणजे त्याच्या श्वासापासून दूर राहा, त्या माणसापासून नव्हे. २०२० साली शहरांतून पायी परतलेल्या मजुरांना पाहून कित्येक गावांनी वाटेवर काटे टाकले. त्या काट्यांनी रोग अडला असेल किंवा नसेल. अडली ती माणसे.

आता उपायांकडे वळू. असा रोग मुख्यतः श्वासावाटे व कोंडलेल्या हवेतून पसरतो. म्हणून खिडकी आणि दार उघडे ठेवणे हे पहिले औषध आहे, आणि ते फुकट आहे. गर्दीत व आजाऱ्याजवळ नाक आणि तोंड दोन्ही झाकील अशी मुखपट्टी लावावी. हनुवटीवर लोंबणारी मुखपट्टी ही केवळ शोभा होय. साबणाने विषाणूवरील चरबीचे वेष्टन विरघळते, म्हणून हात वीस सेकंद चोळून धुवावेत. साधा साबणही चालतो.

परंतु ज्याचे घर एका खोलीचे आहे त्याने काय करावे? हाच खरा प्रश्न आहे. आजाऱ्याची खाट उघड्या दाराशी किंवा ओसरीवर घालावी, घरातील एकाच निरोगी व तरुण माणसाने मुखपट्टी लावून त्याची सेवा करावी, म्हातारी माणसे व मधुमेही शेजारच्या घरी निजावीत. धाप लागली, छातीत दुखू लागले, माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा बोटावरील यंत्रात प्राणवायू ९४ च्या खाली दिसला, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता तालुक्याचे सरकारी रुग्णालय गाठावे. लस मिळेल तेव्हा घ्यावी. डॉक्टराच्या सल्ल्यावाचून स्टेरॉईडच्या गोळ्या घेऊ नयेत. २०२१ साली काळ्या बुरशीने डोळे गमावलेल्यांत अशा गोळ्यांनी घात झालेले कित्येक होते.

मात्र ज्या वस्तीत नळ एक आणि कुटुंबे चाळीस, तेथे हात धुण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी पाण्याची व्यवस्था करावी. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे एक आद्य कर्तव्य ठरविले आहे. हा अनुच्छेद दाखवून न्यायालयातून पाणी मिळविणे कठीण असेल, पण नगरपरिषदेला अर्ज करताना तो अवश्य लिहावा. साथीच्या दिवसांत गटारे उपसणाऱ्या व कचरा उचलणाऱ्या सफाई कामगाराला हातमोजे, मुखपट्टी आणि आजारपणाची पगारी रजा मिळते काय, हेही त्याच अर्जात विचारावे. त्याच्यावर फुले उधळून त्याचा संसर्ग टळत नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचविले. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुखपट्टी, लस, प्राणवायूचे यंत्र यांपैकी त्यांच्या हाताशी काहीच नव्हते. आपल्या हाताशी ते आहे. म्हणून साथ येण्यापूर्वीच वस्तीतील तरुणांनी बसून यादी करावी: एकटे राहणारे म्हातारे कोणत्या घरात आहेत, गरोदर स्त्रिया कोठे आहेत, कोणाच्या घरी पाणी कोण भरील, आणि रात्री रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास वाहन कोणाचे.